रकाना अकरावा : ओढणीचा अर्थ

विवाह नोंदणीच्या अर्जात एकोणीस रकाने असतात आणि त्यांतला एकही रिकामा ठेवता येत नाही. अकरावा रकाना वधूच्या ओढणीचा आहे. त्याचे दोन भाग: (अ) ओढणीचे वर्णन आणि (आ) ओढणीचा अर्थ. शहाण्या मुली (अ) समोर 'पांढरी' आणि (आ) समोर 'पावित्र्य' असं लिहितात, धुलाईची पावती टाचतात आणि संसाराला लागतात. या रकान्यापायी कुणाचं लग्न अडल्याची कार्यालयात नोंद नव्हती. अर्थात अशी नोंद करायला रकानाच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

जिचं अडलं ती मुलगी स्वतः सरकारी नोकरीत होती, म्हणजे तिला तरी कळायला हवं होतं. ती लिफ्ट तपासायची. इमारतींमध्ये जाऊन लिफ्टचे दोर, दारं, घंटा आणि पाट्या बघायच्या, सगळं नियमात असेल तर दाखल्यावर सही करायची, नसेल तर दारावर चिकटपट्टी मारून लिफ्ट बंद करायची, हे तिचं काम. त्यात ती इतकी कडक होती की सगळे तिला तपासनीसबाई म्हणत. घरी आई चिडली की तीही तेच म्हणायची. तर ही तपासनीसबाई एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ओढण्यांच्या दुकानात शिरली आणि चार मिनिटांत तिने लग्नाची ओढणी पसंत केली.

फिकट बदामी रंगाची, बारीक जाळीची ओढणी होती. काठाला बोटाच्या पेराएवढी पानं विणलेली. एका कोपऱ्यात मसुराच्या दाण्याएवढं भोक होतं. तिने ती डोक्यावरून पुढे ओढली, आरशात पाहिलं, आणि तिला फार आनंद झाला. का झाला, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रोज लिफ्टच्या आरशात भेटणारी ती दमलेली बाई आज पहिल्यांदा ओळख करून घेण्यासारखी वाटत होती.

"ही द्या," ती म्हणाली.

दुकानाच्या मालकीणबाई दचकल्या. "ही? अहो, हिची चिठ्ठी पडलीये."

"किमतीची?"

"किंमत मला पाठ आहे. अर्थाची चिठ्ठी." मालकीणबाईंनी बाकीच्या ओढण्या दाखवल्या. प्रत्येकीला टाचणीने एकेक चिठ्ठी टोचलेली होती. कुठे 'लज्जा', कुठे 'कुलशील', कुठे 'नव्या आयुष्याचा उंबरठा'. सात मीटर लांबीच्या एका ओढणीला चार चिठ्ठ्या होत्या. "हिचा अर्थ काय होता, ते आता मलासुद्धा आठवत नाही. तीन वर्षं पडून आहे. बायका हातात घेतात, चिठ्ठी शोधतात आणि ठेवून देतात."

"मला आवडली."

"आवडेल हो. पण लोकांना सांगणार काय?"

घरी तोच प्रश्न आत्याने विचारला. आत्या तीस वर्षं शाळेत निबंध तपासून निवृत्त झाली होती, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीत मध्यवर्ती कल्पना लागायची. भाजीतही लागायची. तिने ओढणी खिडकीपाशी उजेडात धरली.

"भोक आहे," आत्या म्हणाली.

"आहे."

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? भोक आहे."

"म्हणजे बाह्य जगाकडे बघण्याची खिडकी असं म्हणता येईल," आत्या डोळे बारीक करून म्हणाली. "नाहीतर माहेर तुटताना काळजाला पडलेली..."

"वन्सं, पुरे," आई म्हणाली. "लोक म्हणतील, पोरीला फाटकी ओढणी देऊन वाटेला लावली. तू मोत्यांची घे. मोत्यांना कुणी काही विचारत नाही."

"तुझ्या लग्नात कसली होती गं?" लेकीने विचारलं.

"माझं कशाला काढतेस? आमच्या वेळी घाई होती," असं म्हणून आई आत निघून गेली. आईच्या लग्नाचा एकच फोटो होता आणि तो कुलपात असायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. विचारायची पद्धत नव्हती.

नवरामुलगा कवळ्या बनवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या हिरड्यांचे साचे बघून त्याचा स्वभाव शांत झाला होता. त्याने ओढणी पाहिली आणि म्हणाला, "तुला आवडली ना? मग झालं की."

"अर्जात अर्थ लिहायचाय."

"आवडली, असं लिही. खरंच आहे ते."

सरकारी अर्जात खरं लिहायचा सल्ला देणारा माणूस किती धोक्याचा असतो, हे तिला तेव्हा कळलं नाही. दिवसभर खोटे दात करून त्याला खोट्याचा कंटाळा आला असावा.

आणि घाई खरोखरच होती. त्याला एक तारखेला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात दोन वर्षांसाठी हजर व्हायचं होतं. तिथे राहायला जागा मिळणार होती, पण फक्त जोडप्याला. तिचीही बदली होणार होती, पण फक्त पत्नी म्हणून. नोंदणीसाठी त्यांना पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची, अकरा चाळीसची वेळ मिळाली होती. ती हुकली तर पुढची वेळ अकरा महिन्यांनी. म्हणजे तो तिकडे, ती इकडे, मध्ये आठ तासांचा रस्ता, आणि फोनवर 'जेवलास का, जेवलीस का' करत बसायचं. तिला ते नको होतं. तिला तो हवा होता, आणि डोक्यावर ती ओढणी हवी होती. मागणी एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी ती खिडकी क्रमांक तीनसमोर उभी राहिली. आतल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि ते खुर्चीतून अर्धे उठले.

"तपासनीसबाई! या, या. ओळखलं नाहीत? या इमारतीची लिफ्ट दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच बंद केलीत."

तिला आठवलं. लिफ्ट ठणठणीत होती. पण 'आठ व्यक्ती' ही पाटी आत डाव्या भिंतीवर होती आणि ती उजव्या भिंतीवर असायला हवी.

"तुम्हाला त्रास झाला असेल," ती जरा ओशाळून म्हणाली.

"फायली वर पोचवून पोचवून गुडघे गेले. पण मनात आदर आहे हो!" गृहस्थ म्हणाले. "पाटी डावीकडे आहे म्हणून चालती लिफ्ट बंद करणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जिना चढताना ठरवलं, नोकरी करावी तर अशी. खरं सांगतो, त्याआधी मी अकरावा रकाना वाचतसुद्धा नव्हतो."

त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि अकरावा रकाना बोटाने वाचला.

"'आवडली.' हे काय?"

"अर्थ."

"हा अर्थ नाही, बाई. ही घटना आहे." त्यांनी मागच्या भिंतीवरच्या फलकाकडे पट्टी रोखली. "मान्य अर्थ सहा. लज्जा, पावित्र्य, परंपरा, दृष्टीपासून संरक्षण, कुलप्रतिष्ठा आणि पुरोगामित्व."

"पुरोगामित्वासाठी ओढणी?"

"ओढणीच्या प्रथेचा निषेध म्हणून घेतलेली ओढणी. हल्ली फार चालते. निषेधाची जरा लांब लागते, एवढंच. तुम्ही लज्जा का नाही टाकत? अर्जदार गेल्या तीन वर्षांत एकदा तरी लाजल्याचे दोन साक्षीदार आणा, झालं काम."

तिने मनातल्या मनात तीन वर्षं चाळली. मोठमोठ्या बिल्डरांना तिने लाजवलं होतं, पण आपण लाजल्याचं काही तिला सापडेना.

"परंपरा असली तर उत्तमच," गृहस्थ म्हणाले. "परंपरेपुढे बाकी सगळं बाजूला. तिला ना समिती, ना मुदत, जागच्या जागी मंजुरी. फक्त तीन पिढ्या दाखवायच्या, फोटोसकट."

"तेवढे फोटो नाहीत."

"मग सातवा पर्याय, 'इतर'. पण 'इतर'ला पुरावा लागतो. ओढणी आवडल्याचा पुरावा आणा."

इथे कुणीही म्हणेल की 'कुलप्रतिष्ठा' खरडून मोकळं व्हायचं होतं. आत्याही तेच म्हणाली, आईही म्हणाली. पण खोट्या दाखल्यावर या बाईने आयुष्यात सही केली नव्हती, आणि स्वतःच्या लग्नापासून सुरुवात करायची तिची तयारी नव्हती. दाखला हवा तर दाखला, म्हणत ती नवऱ्यामुलाच्या दवाखान्यात गेली. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, तिच्यासमोर ओढणी धरली आणि नाडी मोजली. त्यांनी लिहून दिलं: 'ओढणी पाहण्यापूर्वी ठोके बहात्तर, पाहिल्यानंतर शहाण्णव. ओढणी आवडली आहे असे दिसते. दात निरोगी.'

खिडकीतल्या गृहस्थांनी दाखला उलटसुलट करून पाहिला.

"शहाण्णव ठोके भीतीनेही पडतात. त्यातून दातांच्या खुर्चीत बसून मोजलेत म्हणता. ही आवड की भीती, हे ठरवायला आवड पडताळणी समिती येईल. सोमवारी घरी थांबा."

सोमवारी समिती आली. तीन सदस्य होते: मिशीवाले अध्यक्ष, एक टिपणं घेणाऱ्या बाई, आणि एक अजिबात न बोलणारे गृहस्थ, ज्यांच्यामुळे समितीला वजन येत होतं. आईने चहा ठेवला. अध्यक्ष म्हणाले की ओढणी आवडण्याजोगी आहे का, हे घालून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यांनी ती डोक्यावरून घेतली, आरशासमोर उभे राहिले आणि डावीकडून, उजवीकडून पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की टिपणं घेणाऱ्या बाई टिपणं घ्यायच्या थांबल्या.

"छान आहे हो," अध्यक्ष हळूच म्हणाले.

ती त्यांनी दहा मिनिटं काढली नाही. चहासुद्धा ओढणीआडूनच घेतला. मग बाईंनी घालून पाहिली, मग न बोलणाऱ्यांनी. ते आरशाला म्हणाले, "वा." जाताना तिघांनी ओढणी नीट घडी करून ठेवली आणि तपासनीसबाईला वाटलं, सुटलो.

अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर तयार होता. गृहस्थांनी तो उभं राहून वाचला. "'समितीच्या तिन्ही सदस्यांना सदर ओढणी आवडली. यावरून ही अर्जदाराची वैयक्तिक आवड नसून सार्वजनिक आवड असल्याचे निर्विवाद सिद्ध होते. सार्वजनिक आवडीस फॅशन असे म्हणतात. सबब प्रकरण फॅशन कक्षाकडे वर्ग करण्यात येत आहे.' सहावा मजला, बाई. ओढणी घेऊन जा."

ती लिफ्टकडे वळली. दारावर फुलीच्या आकाराची चिकटपट्टी होती आणि सूचनेखाली तिचीच सही होती. सही चांगली ठसठशीत होती. ती जिना चढू लागली. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी कठड्याला धरून धापा टाकत उभं होतं आणि तिला ओळखून नमस्कार करत होतं. चौथ्या मजल्यावर एक आजोबा पेन्शनच्या कागदांवरच टेकून बसले होते. "तुम्हीच का त्या?" त्यांनी विचारलं. तिने मान खाली घालून पुढचा जिना धरला.

फॅशन कक्षातल्या बाईंच्या गळ्यात मोजपट्टी होती. त्यांनी ओढणीची लांबी, रुंदी आणि भोक मोजलं, ओढणी एका खाकी पाकिटात घातली आणि पाकीट लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"अहो, हे काय?"

"नमुना जमा. निर्णय होईपर्यंत इथेच राहील."

"निर्णय कधी?"

"अकरा महिने."

"माझं लग्न परवा आहे!"

"करा की," बाई म्हणाल्या. "लग्नाला आमची हरकत नाही. आमचा विषय ओढणी."

ती सहा मजले उतरून पुन्हा खिडकीवर आली. ओढणीशिवायच करते लग्न, म्हणाली. गृहस्थांना खरोखर वाईट वाटलं.

"ओढणी न घेण्याचा अर्थ वेगळा लिहावा लागतो, बाई. त्यात मान्य अर्थ दोनच, बंडखोरी आणि विस्मरण. बंडखोरीला पोलिसांचा दाखला लागतो. विस्मरणाला काहीच लागत नाही, पण आपण आत्ता ओढणीबद्दल बोलतोय, म्हणजे तुम्हाला आठवण आहे. अर्ज जागीच बाद."

"मग दुसरी ओढणी घेते. मोत्यांची."

"एका वधूची एका वेळी एकच ओढणी विचाराधीन असू शकते. तुमची वर कपाटात आहे."

"म्हणजे मी काय करायचं?"

"मला विचाराल तर," गृहस्थ आदबीने म्हणाले, "अशा वेळी तुम्ही काय केलं असतं? बंदच ठेवली असती ना?"

ती बाहेर आली, पायरीवर बसली आणि रडली. इतक्या जणांच्या लिफ्ट बंद केल्या, पण पायरीवर बसून कोण काय करत असेल, याचा तिने कधी विचार केला नव्हता. आता आपोआप झाला.

संध्याकाळी नवरामुलगा घरी आला. तो तिच्याशेजारी बसला.

"मी नोकरीला नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला.

"कारण काय लिहिशील?"

"तू आवडतेस, असं लिहीन."

"चालणार नाही," ती म्हणाली. "ती घटना आहे." आणि तिला पुन्हा रडू आलं.

हे सगळं आई दारातून बघत होती. ती आत गेली, कुलूप काढल्याचा आवाज आला, आणि हातात एक फोटो पालथा धरून ती बाहेर आली. "हसायचं नाही," तिने आधीच बजावलं, "नाहीतर पुन्हा कुलपात ठेवीन."

फोटोत बाबा होते, हार होता, सह्यांचं टेबल होतं, आणि वधूच्या जागी एक लाल हेल्मेट होतं. हेल्मेटच्या काचेआड आईचे डोळे तेवढे दिसत होते.

"स्कूटरवरून आलो होतो. उशीर झाला होता आणि हनुवटीखालचा पट्टा अडकला, काही केल्या सुटेना. अधिकारी म्हणाले, काच वर करा, सही करा, पुढचं जोडपं थांबलंय. संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन काढलं." आईच्या गालावर लाली चढली. पस्तीस वर्षांनी का होईना, पण घरात एक लाजल्याचा पुरावा मिळाला. "म्हणून दाखवत नव्हते कुणाला. सासूबाईंनी मात्र तेव्हा मला जवळ घेतलं होतं. म्हणाल्या, मी तुला हसणार नाही."

"माझ्या आईला हसायचं कारणच नव्हतं," आत्या एकदम म्हणाली आणि उठून उभी राहिली. "आई पुलाच्या कामावर होती. बाबाही तिथेच. पुलावरच लग्न झालं त्यांचं, जेवणाच्या सुट्टीत. मुकादम म्हणाला, लग्न असो नाहीतर काही असो, पुलावर काचवाल्या हेल्मेटशिवाय उभं राहायचं नाही. माझ्याकडे आहे तो फोटो!" "आजी, आई, आणि आता ही. तीन पिढ्या. अगं, मध्यवर्ती कल्पना सापडली!"

बुधवारी खिडकी उघडली तेव्हा सगळं घर तिथे हजर होतं. गृहस्थांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, नियमावली काढली आणि मोठ्याने वाचली. "'ओढणी म्हणजे वधूने मस्तकावर धारण केलेले, चेहरा पूर्णतः वा अंशतः झाकणारे, परंतु ओळख पटवण्यासाठी वर करता येणारे आच्छादन.' काच वर होते?"

"होते," आई म्हणाली. "पट्टा अडकतो, काच नाही."

"पण हे हेल्मेट आहे," तपासनीसबाईला राहवलं नाही.

"यात कापड असा शब्द कुठे आहे?" गृहस्थांनी नियमावली तिच्यासमोर धरली. तिने वाचली. दोनदा वाचली. कापड नव्हतं. नियम वाचायचे कसे, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि नियमाप्रमाणे माणूस बरोबर होता. "विचाराधीन ओढणीपेक्षा परंपरेला प्राधान्य. 'मंजूर.' अभिनंदन, बाई. इतकं निर्दोष प्रकरण माझ्या टेबलावर आलं नव्हतं."

मंजुरीला चार मिनिटं लागली. त्यात एक मिनिट शिक्क्याला शाई लावण्यात गेलं.

गुरुवारी अकरा चाळीसला तिने आईचं लाल हेल्मेट घालून लग्न केलं. आत उकडत होतं आणि काचेवर वाफ धरली होती, त्यामुळे नवरा तिला धुक्यात उभा असल्यासारखा दिसत होता. अधिकाऱ्यांनी "मान्य आहे का?" असं विचारलं तेव्हा ती "मान्य आहे" म्हणाली आणि ते आतल्या आत घुमलं. काच वर करून ओळख पटवली गेली. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि दोघांना इतकं हसू आलं की सह्या वाकड्या झाल्या.

पाहुणे मात्र हसले नाहीत. ते भारावले होते. "केवढा खोल विचार," मागच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या. "संसार म्हणजे रस्ताच की. डोकं सांभाळून चालवायचा." "लाल म्हणजे थांबा," दुसऱ्याने समजावलं. "बाईच्या इच्छेपाशी थांबा, असं म्हणायचंय तिला." ओढण्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई आमंत्रण नसताना येऊन वहीत काहीतरी काढत होत्या. पुढच्या हंगामात शहरातल्या निम्म्या नवऱ्या मुली हेल्मेट घालून उभ्या राहिल्या. मोत्यांची हेल्मेटं आली, जाळीची झालर लावलेली आली, आणि प्रत्येकाला चिठ्ठी होती, 'सुरक्षितता' किंवा 'स्वतःचं डोकं'. आत्याने यावर दोन ठिकाणी भाषणं केली.

लग्न उरकून दोघं निघाले तेव्हा खिडकीतले गृहस्थ लिफ्टपाशी उभे होते. "बाई, जाता जाता एवढं बघता का? पाटी उजवीकडे लावून घेतलीये."

पट्टा पुन्हा अडकला होताच, त्यामुळे ती हेल्मेटसकट लिफ्टमध्ये शिरली. पाटी उजव्या भिंतीवर होती. तिने दाखल्यावर सही केली आणि चिकटपट्टी ओढून काढली.

"एक विचारू?" गृहस्थ म्हणाले. "सहज, माहितीसाठी. उजवीकडेच का हो?"

तिने काच वर केली. "नियम आहे."

"नियम आहेच. मी अर्थ विचारत होतो."

बारा वर्षांच्या नोकरीत तिला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. तिने काच खाली केली आणि नवऱ्याचा हात धरून ती बाहेर पडली. मागे घंटा वाजून लिफ्ट वर गेल्याचा आवाज आला.

अकरा महिन्यांनी नव्या गावी, त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी एक खाकी पाकीट आलं. आत ओढणी होती. ओढणीला कागद टाचला होता आणि कागदावर शिक्का होता: 'तपासणी केली. अर्थ आढळला नाही.' तिने कागद काढून केराच्या डब्यात टाकला, हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या आरशासमोर ओढणी डोक्यावरून घेतली. पुन्हा तसाच आनंद झाला. नवऱ्याने कणकेच्या हातांनी वळून पाहिलं आणि म्हणाला, "छान दिसतेस." तिने का म्हणून विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. एवढ्यात साखर मागायला आलेल्या शेजारणीने दारातूनच विचारलं, "अगंबाई, आज काय विशेष? कशासाठी गं ही?"

"कशासाठी नाही," ती म्हणाली. "आवडते."

"सांगायचं नसेल तर नको सांगूस," शेजारीण मान हलवत म्हणाली आणि साखर घेऊन गेली. खाली जाऊन तिने तीन घरांत तीन वेगवेगळी कारणं सांगितली.

तुम्ही त्या शेजारणीला हसू नका. खरं सांगा, तुम्हीही मघापासून वाट बघत होतात ना, की ही ओढणी शेवटी कुणाच्या तरी आठवणीची निघेल, आणि त्या भोकात काहीतरी नक्की दडलेलं असेल? ते भोक टाचणीचं होतं. अर्थाची चिठ्ठी जिथे टोचलेली होती, तिथे पडलेलं. आणि आता हे कळल्यावर तुम्ही जे मनातल्या मनात 'अच्छा, म्हणजे लेखकाला असं सुचवायचंय की' असं सुरू केलं आहे, ते कृपया पूर्ण वाक्यात, सुवाच्य अक्षरात लिहा. पुरावा जोडा. खिडकी क्रमांक तीन दहा वाजता उघडते.